चित्रातली जहाजं कुठे गेली? 'समुद्रकाठचा संन्यासी' या चित्राची गोष्ट

उंच कड्यावर आपल्याकडे पाठ करून उभा असलेला एक कोटवाला माणूस आणि त्याच्या पायाखाली पसरलेलं धुकं. हे चित्र तुम्ही बहुतेक पाहिलेलं आहे. चित्रकाराचं नाव माहीत नसेल, पण एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, मोबाइलच्या वॉलपेपरवर नाहीतर कुठल्यातरी सुविचाराच्या मागे ते दिसलं असेल. पावसाळी ट्रेकला गेलेली मंडळी कड्याच्या टोकाशी पाठमोरी उभी राहून जो फोटो काढून घेतात, त्याचा खापरपणजोबा म्हणजे हे चित्र. साल साधारण १८१८, चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिश, देश जर्मनी.

पण या लेखाचा विषय त्याचं दुसरं, त्याच्याही आधीचं चित्र आहे. त्यातही एकच पाठमोरा माणूस आहे आणि समोर अफाट निसर्ग आहे. तरीही ते कुणी सुविचाराच्या मागे लावत नाही. लावलं तर सुविचार टिकणार नाही. १८१० साली बर्लिनमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा काही जण भारावले, काही चक्रावले आणि बऱ्याच जणांना प्रश्न पडला की यात बघायचं काय?

प्रश्न रास्त होता. बघण्यासारखं जे जे होतं ते चित्रकाराने स्वतःच पुसून टाकलं होतं.

चित्रात आहे काय?

'समुद्रकाठचा संन्यासी' हे १८०८ ते १८१० या काळात रंगवलेलं तैलचित्र. उंची ११० सेंटिमीटर, रुंदी १७१.५ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाने दोन्ही हात पसरले तर साधारण तेवढं रुंद. सगळ्यात खाली फिकट, पांढुरक्या वाळूचा पट्टा. त्या वाळूला मध्येच थोडा उंचवटा येतो आणि तिथे, चित्राच्या मध्यापासून डावीकडे सरकून, काळ्या झग्यातला एक माणूस उभा आहे. हात हनुवटीशी नेल्यासारखा. त्याच्यापलीकडे समुद्र, जवळजवळ काळा. त्यावर पांढरे बारीक फटकारे, काही लाटांचा फेस म्हणून आणि काही समुद्रपक्षी म्हणून. आणि मग आकाश. चित्राचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसतं आकाश. क्षितिजाजवळ ते दाट आणि मळकट आहे, वर जाता जाता विरळ होत निळं होतं.

संपलं. झाड नाही, खडक नाही, होडी नाही, घर नाही.

आता एक करून बघा. चित्र मोबाइलवर उघडा आणि अंगठ्याने तो माणूस झाका. लगेच गंमत होते. समुद्र किती मोठा आहे ते कळेनासं होतं. तीन रंगांचे तीन आडवे पट्टे उरतात, एखाद्या भिंतीला ओल आल्यासारखे. अंगठा काढला की पुन्हा सगळं अवाढव्य होतं. म्हणजे तो माणूस चित्राची मोजपट्टी आहे. तो तळहातात मावेल एवढाच आहे, पण त्याच्यामुळेच बाकीचं प्रचंड वाटतं. संपूर्ण चित्रात उभी म्हणता येईल अशी एकच रेघ आहे, आणि ती तोच आहे.

आणखी एक बारकावा, जो पटकन लक्षात येत नाही. या माणसाचं डोकं क्षितिजाच्या वर जात नाही. ते काळ्या समुद्राच्या पट्ट्यातच राहतं. धुक्यावरचा तो कोटवाला भटक्या आठवा. त्याचं डोकं उजेडात, आकाशावर उठून दिसतं, सगळं जग त्याच्या पायाखाली आहे. म्हणून तो मुखपृष्ठांवर शोभतो. संन्यासी मात्र पाण्याच्या रेषेखाली आहे. तो जिंकलेला नाही, हरलेलाही नाही. तो आहे, एवढंच.

चित्रातला भाव कुठे असतो, असं विचारलं तर आपण चेहऱ्याकडे बोट दाखवतो. इथे चेहरा दिसतच नाही. हावभाव नाहीत, हातवारे नाहीत. तरी चित्रासमोर उभं राहिलं की पोटात काहीतरी हलतं. हे कसं जमलं, ते समजायला त्या काळची निसर्गचित्रं कशी असत ते आधी पाहावं लागेल.

नाटकाच्या विंगा आणि आत जाणारी वाट

सतराव्या शतकापासून युरोपात निसर्गचित्राची एक घट्ट रीत बसली होती. क्लोद लोरें या फ्रेंच चित्रकाराची चित्रं तिचा नमुना. दोन्ही बाजूंना झाडं, नाटकाच्या विंगांसारखी. समोर एखादी वाट किंवा ओढा, वाटेवर एखादा गुराखी. मध्ये पाणी, पूल, देवळाचे खांब. सगळ्यात मागे फिकट निळे डोंगर. बघणाऱ्याची नजर त्या वाटेने पायरी पायरीने आत जाते. चित्र आपल्याला 'या, बसा' म्हणतं.

समुद्राच्या चित्रात झाडं नसतात, मग हे यजमानपण जहाजांकडे असायचं. जवळ एक मोठं जहाज, दूर एक छोटं, आणखी दूर नुसतं शीड. नजरेला धरायला काठी मिळते आणि मनाला गोष्ट मिळते. जहाज कुठून आलं, वादळात सापडेल का, बंदर किती लांब आहे?

फ्रीडरिशला हे सगळं उत्तम येत होतं. तो १७७४ साली बाल्टिक समुद्राजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या गावात जन्मला. गाव जर्मन भाषेचं, पण तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली. १७९४ ते १७९८ तो कोपनहेगनच्या अकादमीत शिकला आणि मग ड्रेस्डेनला जाऊन तिथेच राहिला. जहाजं त्याने पुढे आयुष्यभर रंगवली, आणि फार सुंदर रंगवली. म्हणजे जहाज जमत नाही म्हणून सोडून दिलं असा प्रकार नव्हता.

उलट या चित्रातही ती होती.

रंगाखालची रेघ

जुन्या तैलचित्रांचा अभ्यास करताना इन्फ्रारेड किरणांचा उपयोग करतात. हे किरण रंगाच्या वरच्या थरांतून बऱ्याच प्रमाणात आरपार जातात. खाली पेन्सिल, कोळसा किंवा काळ्या शाईने आखणी केली असेल तर तिच्यातला कार्बन ते शोषून घेतो आणि ती आखणी कॅमेऱ्यात काळी उमटते. चित्राला ओरखडाही न काढता चित्रकाराने आधी काय योजलं होतं ते दिसतं.

'संन्यासी'ची अशी तपासणी झाली तेव्हा माणसाच्या दोन्ही बाजूंना शिडाची जहाजं आखलेली सापडली. डोलकाठ्या आणि शिडं क्षितिजाच्या वर आकाशात गेलेली. म्हणजे मूळ चित्र तसं नेहमीचंच होतं. किनाऱ्यावर एक माणूस, समोर जहाजं, आणि बघणाऱ्याला सोयीची गोष्ट: कुणीतरी निघालंय, किंवा कुणाची तरी वाट बघणं चाललंय.

मग कधीतरी फ्रीडरिशने ती घालवली. कधी, याचा थोडा अंदाज बांधता येतो. त्याचा मित्र, चित्रकार गेरहार्ड फॉन क्यूगेल्गेन याची बायको मारी हेलेन हिने जून १८०९ मध्ये त्याच्या स्टुडिओत हे चित्र पाहिलं आणि एका पत्रात आपली नाराजी लिहून ठेवली. तिची तक्रार अशी की त्या न संपणाऱ्या पाण्यावर होडी नाही, जहाज नाही, निदान एखादा सागरी राक्षस तरी असावा तर तोही नाही. वाळूत गवताचं पातं नाही. तिला चित्र वाईट वाटलं नव्हतं. तिला ते सहन झालं नव्हतं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि मला वाटतं चित्राबद्दलचं सगळ्यात नेमकं मत पहिल्याच प्रेक्षकाने देऊन टाकलं.

जहाजं गेल्यावरही काम थांबलं नाही. आकाश बदलत राहिलं. सप्टेंबर १८१० मध्ये स्टुडिओत येऊन गेलेल्या एका पाहुण्याच्या नोंदीत रात्रीचं आकाश आणि चंद्र आहे. आजच्या चित्रात चंद्रही नाही. आता आठवा, दोन वर्षं एकाच कॅनव्हासवर काम चाललंय आणि प्रत्येक वेळी काहीतरी कमीच होतंय. चित्रकार रंग भरतो असं आपण म्हणतो. हा माणूस उपसत होता.

त्याचा स्टुडिओही तसाच होता. गेओर्ग फ्रीडरिश केर्स्टिंग या मित्राने १८११ साली तो रंगवून ठेवला आहे. जवळजवळ रिकामी खोली, ईझल, खुर्ची, भिंतीवर टांगलेले दोन-तीन रंगफलक. खिडकीचा खालचा भाग बंद, म्हणजे बाहेरचं दृश्य दिसत नाही, फक्त वरून उजेड येतो. निसर्गचित्रकाराची ही खोली! फ्रीडरिश बाहेर फिरून पेन्सिलने अतिशय काटेकोर रेखाटनं करायचा. हे चित्रही रूगेन बेटावरच्या किनाऱ्याच्या रेखाटनांवरून आलं असं मानतात. त्या बेटाच्या आग्नेय टोकाला म्योन्शगूट नावाचा भाग आहे, आणि त्या नावाचा अर्थच 'संन्याशांची जमीन' असा होतो. पण रंगवायचं ते या बंद खोलीत, आठवणीतून. समोर दिसतं तेवढंच काढू नये, स्वतःच्या आत दिसतं ते काढावं आणि आत काही दिसत नसेल तर बाहेरचंही काढू नये, असं त्याचं मत होतं.

संन्यासीच का?

फ्रीडरिश कट्टर म्हणावा इतका श्रद्धाळू होता, पण प्रोटेस्टंट. उत्तर जर्मनीच्या त्या भागातले मठ सोळाव्या शतकातच बंद झाले होते. त्याच्या गावाजवळ एल्डेना नावाच्या जुन्या मठाचे पडके अवशेष होते, ते त्याने अनेकदा काढले. त्यामुळे त्याच्या काळातही झगा घातलेला असा संन्यासी म्हणजे रस्त्यात भेटणारा माणूस नव्हता. तो मागे राहिलेला, काळाबाहेरचा कुणी होता. काही अभ्यासकांना त्यात खुद्द चित्रकार दिसतो.

स्वतः फ्रीडरिशने एका पत्रात या चित्राचं वर्णन केलं आहे. काळ्या कपड्यातला माणूस विचारात बुडून किनाऱ्याने चालतो आहे आणि त्याच्याभोवती समुद्रपक्षी घाबरून ओरडताहेत, जणू त्याला बजावताहेत की पुढे जाऊ नकोस. आणि पुढे त्याचं म्हणणं असं की सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत डोकं खपवलंस तरी पलीकडे काय आहे ते तुला कळणार नाही. श्रद्धाळू माणसाने हे लिहावं! समुद्राकडे पाहून देव दिसतो असं म्हणणं त्याला सोपं होतं. ते त्याने म्हटलं नाही.

इथे त्याच्या बालपणाची हकिगत हमखास सांगितली जाते. आई तो सहा वर्षांचा असताना गेली. १७८७ मध्ये, तो तेरा वर्षांचा असताना, त्याचा भाऊ बर्फ फुटून पाण्यात बुडाला, आणि घरात सांगितलं जायचं की तो कास्पारलाच वाचवताना गेला. हे खरंच भयंकर आहे. पण म्हणून त्याची चित्रं उदास, असं सरळ गणित मला पटत नाही. भाऊ गमावलेले चित्रकार बरेच झाले असतील, जहाजं पुसण्याची बुद्धी सगळ्यांना झाली नाही. दुःख त्याच्याकडे आधीपासून होतं, पण या चित्रात ते आलं ते एका निर्णयामुळे, आणि तो निर्णय ब्रशचा आहे.

बर्लिन, ऑक्टोबर १८१०

फ्रीडरिशने हे चित्र प्रदर्शनाला पाठवलं तेव्हा तो आधीच एका वादातून बाहेर पडत होता. १८०८ च्या नाताळात त्याने डोंगरावरच्या क्रूसाचं एक चित्र स्वतःच्या स्टुडिओत लोकांना दाखवलं होतं, वेदीवर ठेवायचं असल्यासारखं. नुसत्या निसर्गचित्राने देवाच्या वेदीवर चढावं हा उद्धटपणा आहे, अशी सणसणीत टीका बाझिलिउस फॉन रामडोर या समीक्षकाने १८०९ च्या सुरुवातीला केली होती. अशा वेळी शहाणा चित्रकार दुसऱ्या वर्षी एखादं गोड चित्र पाठवतो. फ्रीडरिशने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं.

बर्लिनच्या अकादमीत 'संन्यासी' एका दुसऱ्या चित्राच्या वर टांगलं होतं. खालचं चित्र 'ओकच्या रानातला मठ': हिवाळा, निष्पर्ण झाडं, पडका मठ आणि त्यात शवपेटी घेऊन जाणारे संन्यासी. काही अभ्यासक म्हणतात की वरचा एकटा माणूस आणि खालच्या पेटीतला माणूस एकच. असेलही.

आर्निम आणि ब्रेन्टानो या दोन लेखकांनी या चित्रावर एक मजकूर लिहिला. चित्रापुढे येऊन जाणारे प्रेक्षक काय काय बडबडतात याची ती थट्टा होती, म्हणजे प्रदर्शनात जोडीने येणाऱ्यांचे संवाद तेव्हाही असेच असावेत. त्यांनी तो हाइनरिश फॉन क्लाइस्टच्या दैनिकाला दिला. नाटककार क्लाइस्ट तेव्हा ते छोटं संध्यादैनिक चालवत होता. त्याने मजकुरातला बराचसा भाग काढून टाकला, स्वतःचं लिहिलं आणि १३ ऑक्टोबर १८१० ला छापलं. लेखक चिडले, आणि चिडणं साहजिक होतं. पण क्लाइस्टने जे लिहिलं ते आज दोनशे वर्षांनंतरही या चित्राबरोबर वाचलं जातं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. समुद्रासमोर एकटं उभं राहणं छान असतं, कारण तिथे जाता येतं, परत येता येतं, पलीकडे जावंसं वाटतं आणि जाता येत नाही. या चित्रात ते काहीच होत नाही. चित्राला पुढचा भाग असा नाहीच, जी काय कड आहे ती फक्त चौकटीची. त्यामुळे बघताना आपल्या पापण्या कुणी कापून टाकल्यासारखं वाटतं. आणि शेवटी त्याने आणखी एक विचित्र कल्पना मांडली: हा देखावा त्या किनाऱ्याच्याच खडूने आणि पाण्याने रंगवला असता, तर कोल्हे-लांडगे त्याच्यापुढे रडले असते.

पापण्यांची प्रतिमा अंगावर येते, पण ती बरोबर आहे. पापणी मिटता येणं म्हणजे थोडी सुटका. विंगांची झाडं, वाट, जहाज, ही सगळी चित्राने आपल्याला दिलेली सुटकाच असते. फ्रीडरिशने ती काढून घेतली. वर्षभरानंतर, नोव्हेंबर १८११ मध्ये, क्लाइस्टने आत्महत्या केली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता.

चित्रं विकत घेतली ती प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रीडरिश विल्हेल्मने. राजाला कलेची फार ओढ होती म्हणून नव्हे. त्याच्या १५ वर्षांच्या मुलाने, युवराजाने, दोन्ही घ्या म्हणून आग्रह धरला. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा पुरता पराभव केला होता, आणि जुलै १८१० मध्ये, म्हणजे प्रदर्शनाच्या जेमतेम तीन महिने आधी, युवराजाची आई राणी लुईझं वारली होती. वडिलांकडे हट्ट धरून त्या मुलाने एक रिकामा समुद्र आणि एक अंत्ययात्रा मागून घेतली. संबंध जोडायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

या खरेदीने फ्रीडरिशचं नाव झालं. त्याच वर्षी बर्लिनच्या अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं. गटेनेही सप्टेंबर १८१० मध्ये त्याच्या स्टुडिओला भेट दिली होती आणि चित्रं त्याला विलक्षण वाटली होती. पुढे मात्र गटेचं मन फिरलं. फ्रीडरिशची चित्रं उलटी टांगली तरी चालतील, असं तो १८१५ मध्ये वैतागून म्हणाल्याची नोंद आहे.

विस्मरण, आणि मग रॉथ्को

गटेने हे शिवी म्हणून म्हटलं, पण शंभर-सव्वाशे वर्षांनी असल्याच चित्रांना आधुनिक कला म्हणू लागले. मधल्या काळात फ्रीडरिश विसरला गेला. १८३५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, १८४० मध्ये तो गेला, तेव्हाच त्याची चित्रं जुनाट ठरली होती. १९०६ च्या बर्लिनमधल्या मोठ्या प्रदर्शनाने त्याला परत आणलं. मग नाझींनी त्याला 'खरा जर्मन आत्मा' वगैरे करून वापरलं आणि त्याचा डाग धुऊन निघायला युद्धानंतर बरीच वर्षं लागली.

१९६१ मध्ये रॉबर्ट रोझेनब्लम या अमेरिकी कला-इतिहासकाराने 'संन्यासी'शेजारी मार्क रॉथ्कोचं चित्र ठेवून दाखवलं. रॉथ्को म्हणजे मोठमोठ्या कॅनव्हासवर एकावर एक धूसर रंगपट्टे, बाकी काही नाही. रोझेनब्लमचा मुद्दा असा की रॉथ्कोने संन्यासीही काढून टाकला. आता त्याच्या जागी चित्रासमोर उभे असलेले आपण आहोत. मघाशी अंगठ्याने माणूस झाकला होता, तेच.

मराठी वाचकाला इथे वासुदेव गायतोंडे आठवतील. १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेले गायतोंडे साठच्या दशकात न्यूयॉर्कला गेले होते आणि तिथे रॉथ्कोला भेटले होते. त्यांच्या साठीच्या दशकातल्या अनेक चित्रांत धूसर रंगाच्या विस्तारात क्षितिजासारखी एक आडवी पट्टी असते आणि तिच्याशी रेंगाळलेल्या काही खुणा. त्यांची वाट झेन विचारातून आणि पॉल क्लेसारख्या चित्रकारांच्या अभ्यासातून गेली, फ्रीडरिशशी तिचा सांधा जोडायची गरज नाही. पण कॅनव्हासवरून एकेक गोष्ट काढत गेलं की उरलेलं बोलू लागतं, हे ज्याने गायतोंडे पाहिलेत त्याला 'संन्यासी' समजायला वेळ लागणार नाही.

आज बघायचं असेल तर

चित्र बर्लिनच्या संग्रहालय बेटावर, आल्टे नॅशनलगॅलरीत आहे, आणि जोडीचं 'ओकच्या रानातला मठ'ही तिथेच आहे. २०१३ ते २०१६ या काळात दोन्हींची मोठी डागडुजी झाली. जुन्या व्हार्निशचा थर पिवळा पडून आकाश मळकट दिसत होतं. तो काढल्यावर वरचा निळा रंग पुष्कळ उजळ निघाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांतल्या छपाईवरून मत बनवलं असेल तर ते एकदा ताडून पाहायला हवं. २०२४ मध्ये फ्रीडरिशच्या जन्माला अडीचशे वर्षं झाली. त्यानिमित्त हॅम्बुर्ग, बर्लिन आणि ड्रेस्डेनला त्याची मोठी प्रदर्शनं झाली.

इंटरनेटवर चित्राच्या मोठ्या प्रती आहेत. त्या मोबाइलऐवजी संगणकाच्या पडद्यावर पाहाव्यात, आणि पाहताना आधी डावीकडच्या माणसाकडे न जाता वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या निळ्यापासून सुरुवात करून हळूहळू खाली यावं. त्याच्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागतो.